बाबांचं घरबसल्या मतदान

मी फार बोलणारा माणूस नाही. शेलूबाजारला माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, आणि या धंद्यात न बोलणाऱ्याचं बरं चालतं. गिऱ्हाईक कोणत्याही झेंड्याखालचं असो, त्याला हरभऱ्याची बॅग लागतेच. म्हणून गेली बावीस वर्षं मी सगळ्यांच्या सभांना जाऊन मान डोलावली, सगळ्यांचे गमछे गळ्यात घालून घेतले आणि घरी न नेता गोडाऊनच्या दाराला टांगले. तेलकट हात पुसायला बरे पडतात. लोक म्हणतात, सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात नाही न मध्यात नाही. त्या सज्जन माणसानं विधानसभेच्या निवडणुकीत स्वतःच्या बापाचं मत कसं खाल्लं, ते आज लिहून टाकतो.

बाबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. कान गेलेले, बाकी सगळं जागच्या जागी. पाऊणशे वर्षांपूर्वी शाळेत एका चटईवर बसलेला त्यांचा एकच मित्र गावात उरलाय. हे मित्र एसटीत कंडक्टर होते. आमच्या गावात पाटलाच्या पोरानं आणि बौद्धवाड्यातल्या पोरानं एका चटईवर बसणं तेव्हा किती जणांच्या पोटात दुखलं असेल, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. बाबा त्यांना 'कंडक्टर' म्हणतात, ते बाबांना 'पाटला' म्हणतात, मी त्यांना काका म्हणतो. बाबांना नीट ऐकू जाणारा गावातला एकमेव आवाज त्यांचा. तीस वर्षं भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवलेला आवाज आहे तो.

या दोघांचा एक रिवाज होता. पहिल्या मतदानापासून दोघं जोडीनं मत द्यायला जात आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध मत देत. चिन्हं बदलली, पक्ष फुटले, जुळले, परत फुटले, पण यांचा विरोध अभंग. आदल्या दिवशी बाबा दाढी करून घेत, धोतर स्वतः धूत, मतदार ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून उन्हात धरून पाहत. त्याच्या आधी दोन दिवस दोघं मिळून गावातल्या जिवंत म्हाताऱ्यांकडे फेरी मारत. बटन कोणतंही दाब, पण ये, एवढाच निरोप. मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसहाला काका आमच्या दारात हजर.

"चाल बे पाटला, तुह्यं मत कापाले जाऊ."

"कापनार मी हावो. तू फक्त मान पुढं कर."

आणि हसत निघायचे. मत देऊन आले की टपरीवर चहा. माझी बायको म्हणायची, दोघांचं मिळून शून्यच होते तर घरी बसून चहा प्या ना. बाबांना हे ऐकू यायचं नाही आणि काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शून्य करायला दोघांनी जावं लागतं, हे तिला कोणी समजावलं नाही. मलाही ते फार उशिरा समजलं.

आता माझा पराक्रम. निवडणूक जाहीर झाली आणि एका उमेदवाराचा माणूस दुकानात येऊन बसला. त्याच्याजवळ घरांची वही होती.

"भाऊ, घरी मतं किती?"

"तीन. मी, बायको, बाबा."

"तीनही आपलेच ना?"

"आपलेच," मी म्हणालो. हेच वाक्य त्याच आठवड्यात मी आणखी दोघांना म्हणालो होतो, तेव्हा काही पाप वाटलं नव्हतं. पण हा माणूस एका बियाणं कंपनीची डीलरशिप मिळवून देण्याचं बोलला होता. तो उठता उठता म्हणाला, "बुढ्याचं पक्कं करा बरं. थो कंडक्टरसंगं जाते अन् काय करते, सगळ्या गावाले माईत हाये." गावात गुप्त मतदानाची ही अवस्था.

दोनच दिवसांनी मतदारयादीचं काम पाहणारे गुरुजी घरी आले. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आता घरूनच मत देता येतं. अर्ज भरायचा, की निवडणुकीचं पथक पेटी, पाकीट, पोलीस आणि कॅमेरा घेऊन दारात येतं. मात्र एकदा अर्ज केला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, यादीत नावापुढे तशी खूण होते. मतदाराला दिसत नसेल तर घरचं माणूस मत द्यायला मदत करू शकतं, हेही गुरुजींनी सांगितलं. त्यांनी ते शेवटी, सहज सांगितलं. मी फक्त तेवढंच ऐकलं.

बाबा शेतात तूर पाहायला गेले होते. गुरुजी म्हणाले, त्यांची सही घेऊन ठेवा, संध्याकाळी नेतो.

लोकांना मी नंतर जी कारणं दिली ती अशी: म्हाताऱ्या माणसाला रांगेत कशाला उभं करायचं, उन्हाळ्यात लोकसभेच्या वेळी त्यांना घेरी आली होती, गुरुजींनाही गावातून एक तरी अर्ज हवा होता. तिन्ही खरी आहेत. खोटं बोलायचं असलं की मी खरी कारणंच वापरतो. पण अर्ज भरताना मनात होतं ते वेगळं. पथक आलं की बाबांचा चष्मा कपाटावर ठेवायचा, आपण शेजारी बसायचं, आणि कागदावर खूण कुठे करायची ते आपण ठरवायचं. तिसरं मतही आपलंच.

सही मीच केली. बाबांची सही मला सातवीपासून येते. गणितात नापास झालो की प्रगतिपुस्तक त्यांच्यापर्यंत जायचं नाही, माझ्यापर्यंतच यायचं. इतक्या वर्षांनी हात किंचित थरथरवला, शहाऐंशीचा वाटावा म्हणून. बाबांना काही सांगितलं नाही. पथक येईल तेव्हा पाहू.

पथक अकरा वाजता येणार, असा गुरुजींचा फोन होता. मी साडेदहाला घरी पोचणार होतो. त्या दिवशी हरभऱ्याच्या बियाण्याला अशी गर्दी झाली की संध्याकाळपर्यंत ना निघता आलं ना फोन पाहता आला, आणि सरकारी काम आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी झालं. पथक पावणेदहालाच आलं. बायको अंगणवाडीत गेलेली. घरी एकटे बाबा.

काय झालं ते संध्याकाळी बाबांनीच ओट्यावर बसून सांगितलं. काका समोर बसले होते, गल्लीतले चार-पाच जण उभे होते, मी दुकानातून येऊन चपला काढत होतो.

"चारजन आले जीपीतून," बाबा म्हणाले. "एकाजवळ पाकीट. मले म्हनते, आजोबा, हितं सही करा अन् हे घ्या. म्या म्हनलं, आता सही घेऊन पैसे वाटून राह्यले का? कंडक्टर, लाज त पाहा! एकजन क्यामेरा घेऊन उभा. अन् पोलीसबी संगंच!"

"पोलीसबी?" काका मांडीवर थाप मारून ओरडले.

"वर्दीतला. म्या काठी उचलली. म्हनलं, पाटलाचं मत इकाऊ नाही. निंगा हितून."

"मंग त्याईनं काय म्हनलं?"

"काय म्हनतीन? क्यामेऱ्यात काईबाई बोलले अन् गेले पाय लावून."

गल्ली हसली. कोणीतरी बाबांच्या पायाला हात लावला. गावात पाकीट परत करणारा माणूस, तोही पोलिसादेखत! काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "पाटला, आज तुह्यं मत कापाचं जीवावर येऊन राह्यलं लेका."

मी चपला ठेवून आत गेलो. मोबाईलवर गुरुजींचे सात फोन येऊन गेलेले. मी लावला. ते म्हणाले, "अहो, तुमच्या वडिलांनी चक्क नकार दिला. रेकॉर्डिंग आहे. आता पथक दुसऱ्यांदा येणार नाही."

"मग केंद्रावर?"

"केंद्रावर कसं? सांगितलं होतं ना तुम्हाला."

मतदानाला अजून सहा दिवस होते. मंगरूळपीरला तहसील कार्यालयात जाऊन काही होतं का, ते विचारता आलं असतं. जीपनं अर्धा तास. पण तिथे पहिला प्रश्न असता, अर्ज कोणी केला. म्हणून मी सहा दिवस हरभरा विकला. एवढ्या हजार-बाराशे नावांत कोणाचं लक्ष जातंय, असं स्वतःला समजावलं. बाबांनी दाढी करून घेतली. धोतर धुतलं. ओळखपत्र उन्हात धरून पाहिलं. काकांबरोबर म्हाताऱ्यांकडे फेरी मारली आणि प्रत्येक ओट्यावर पाकिटवाल्यांची गोष्ट सांगितली. गोष्टीत चाराचे सहा जण झाले होते.

मतदानाच्या दिवशी मीही त्यांच्यासोबत गेलो. हातात पाण्याची बाटली. म्हाताऱ्या बापाची काळजी घेणारा मुलगा कसा दिसतो, ते कोणाला पाहायचं असतं तर त्या सकाळी आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाहता आलं असतं. रांगेत बाबा, त्यांच्या मागे काका, त्यांच्या मागे मी.

पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्यानं यादीत बोट फिरवलं आणि थांबवलं.

"आजोबा, तुमचं मत घरून होतं. तुम्हाला इथे देता येणार नाही."

बाबांना ऐकू आलं नाही. काकांनी मागून सांगितलं, "म्हनते, तुह्यं मत घरून हाये!"

"घरून? घरी कोनतं मत?"

केंद्राध्यक्ष उठून आले. सौम्य माणूस होता. त्यानं समजावलं: तुम्ही अर्ज केला, पथक आलं, तुम्ही नकार दिला. काका एकेक वाक्य बाबांच्या कानात पोचवत होते आणि ते शाळेच्या फाटकापर्यंतही पोचत होतं. बाबांचा चेहरा हळूहळू बदलला.

"थे पाकिटवाले? थे मताचे होते?"

"हो आजोबा."

"पन म्या त अर्ज केलाच नाही."

"तुमची सही आहे अर्जावर."

"म्या सही केली नाही," बाबा म्हणाले. शांतपणे म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कोर्टकचेरीत सुद्धा खोटं सांगितलं नाही, त्याला आवाज चढवायची गरज वाटत नसते.

काका पुढे सरकले. "साहेब, फारम दाखवा. याची सही मले वयखू येते. तीस वर्सं लोकाईचे पास तपासले म्या."

"अर्ज इथे नाही, काका. तहसीलला आहे."

रांग वाढत होती. मागचे लोक कुजबुजायला लागले होते. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बरं याईले. म्या केली का सही?"

रांगेत उभे होते ते निम्मे माझे गिऱ्हाईक. उमेदवाराचा तो माणूस फाटकाबाहेर उभा असणार. हजार गोष्टी सुचायला हव्या होत्या, निदान गप्प तरी राहता आलं असतं. गप्प राहणं तर माझा धंदाच. पण नेमका तेव्हा मी बोललो.

"बाबा, तुमी इसरले असान. केली होती तुमी. माह्या समोरच केली होती."

काकांनी हे वाक्य बाबांच्या कानात सांगितलं नाही. गरज पडली नाही, बाबांनी माझ्या ओठांवरून वाचलं.

लगेच सगळ्यांना सोपं झालं. "वय झालं हो." "शहाऐंशी म्हंजे खेळ हाये का?" केंद्राध्यक्षानं खुर्ची मागवली. एका बाईनं पाणी दिलं, माझ्याच हातातली बाटली घेऊन. पाटलाचं मत विकाऊ नाही म्हणून आठवडाभर डोक्यावर घेतलेला माणूस एका मिनिटात बिचारा झाला. लोकांना बिचारा माणूस फार आवडतो, त्याच्यापुढे लाज वाटत नाही.

काका म्हणाले, "मंग मीबी नाही टाकत."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू टाक. बाबासायबानं देल्लं थे माह्यासाठी कायले घालवतं?"

काका आत गेले, मत देऊन आले, शाई लागलेलं बोट धोतराला लागू नये म्हणून वेगळं धरून बाबांजवळ उभे राहिले. "आजलोक माहं मत तुह्या मतानं कापलं जाय," ते म्हणाले. "आज पयल्यांदा मोजलं जाईन. पन मजा नाही लेका." माझ्याकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं. बिनतिकीट माणसाकडे कंडक्टर कसा पाहतो, ते प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. मग मी आत गेलो आणि माझं मत दिलं. हो, दिलं.

इथवर कोणी म्हणेल, एक मत गेलं, एवढं काय. मीही तेच म्हणत होतो. पण बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणजे, सही आपण केली आणि विसरलो, हे त्यांनी मानलं. पोरगा समोर होता म्हणतो, तर केलीच असणार.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःवर पहारा बसवला. गोळी घेतली की भिंतीवर खडूनं रेघ. जेवले की सूनबाईला विचारत, "जेवलो ना म्या?" दर बुधवारी जीपनं एकटे बाजाराला येत, ते बंद झालं. परत यायचा रस्ता विसरलो तर? धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला चाळीस वर्षं होती, ती एके दिवशी माझ्या हातात ठेवली. "तूच ठेव आता. माह्या डोक्याचं काही खरं नाही." मी ठेवली. किल्ली गरम होती.

मी काय केलं? मी कर्तव्य केलं. रात्री बदाम भिजत घातले. मंगरूळपीरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला लावलं. बाबा दोनवर पोचून थांबले आणि म्हणाले, आता पुढं जात नाही. डॉक्टर म्हणाले, "यांची स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा चांगली आहे." मी मोठ्यानं हसलो. बाबांना ते पटलं नाही. जीपमध्ये म्हणाले, "त्याले काय माईत, म्या काय इसरलो थे?" बरोबर होतं. ते माहीत असलेला एकटा माणूस त्यांच्या शेजारच्या सीटवर बदामाची पुडी घेऊन बसला होता.

ती डीलरशिप दुसऱ्यालाच मिळाली, हेही सांगून टाकतो. नाहीतर कोणाला वाटायचं, काही तरी मिळालं.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. त्यात घरून मतदान वगैरे भानगड नव्हती, सगळ्यांनी केंद्रावरच जायचं. मतदानाला चार दिवस होते. काका सकाळीच ओट्यावर येऊन बसले.

"पाटला, दाढी कर. फेरी माराची हाये."

बाबा म्हणाले, "तू जाय. मी नाही येत."

"काहून?"

"तिथं अजून माही कोनती सही निंगली त? चार लोकांत खोटा पडलो म्या एकडाव. बस झालं."

"अबे, तू अन् खोटा?"

"खोटा नाही त येडा. दोन्हीतून एक हावोच ना."

मी दारात उभा होतो. दुकानाची किल्ली हातात, मोटारसायकल बाहेर. निघून गेलो असतो तर कोणीच काही म्हटलं नसतं. बाबा परत कधी मतदानाला गेले नसते आणि लोक म्हणाले असते, वय झालं. मला सांगायचं होतं, पण बहिऱ्या माणसाला गुपचूप कसं सांगायचं? ओरडावं लागतं. तेवढी छाती माझ्यात नव्हती. म्हणून मी खिशातल्या बिलबुकाचं एक पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि बाबांच्या हातात दिलं. वाचतील, समजेल, प्रकरण तिथल्या तिथे मिटेल. कबुली देतानाही मी आडोसा शोधत होतो.

बाबांनी पान पाहिलं आणि काकांकडे सरकवलं. "वाच बरं. याचं अक्षर मले लागत नाही."

काका वाचू लागले. पुढचा थांबा सांगावा तशा आवाजात. "घरच्या मतदानाचा अर्ज मी भरला. सही मी केली. तुम्ही काही विसरला नव्हता."

समोरच्या घरातली कुकरची शिट्टी मध्येच थांबल्यासारखी वाटली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अजून वाच," बाबा म्हणाले.

काकांनी पुन्हा वाचलं. या वेळी आणखी सावकाश.

मी शिव्यांची वाट पाहत होतो, काठीचीही पाहत होतो. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. काकांचा हात धरून म्हणाले, "म्हंजे म्या इसरलो नोतो."

"नोता बे."

"मंग इहिरीवरची मोटारबी म्याच बंद केली होती, सक्रांतीले. घरचे म्हनत होते, तुमी चालू ठेवली म्हनून जयली. मले वाटेच का म्या बंद केली."

"केली असन."

"अन् थे वासरू. म्या बांधलं होतं त्याले."

एकेक करून त्यांनी वर्षभरात त्यांच्या विसराळूपणावर ढकललेलं सगळं परत मागून घेतलं. वासरू, मोटार, अंगणातलं दार, जावयाचा निरोप. प्रत्येकाला काका मान हलवत होते. बायको खाली पाहत होती, कारण मोटारीचं आम्हा दोघांना ठाऊक होतं. चालू मी ठेवली होती. फोन आला म्हणून विसरलो होतो.

शेवटी बाबांनी माझ्यापुढे हात पसरला. मला वाटलं, जवळ बोलावतायत. ते म्हणाले, "कोठीची किल्ली."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी असं का केलं ते त्यांनी विचारलं नाही, चष्म्याचा बेत मी सांगितला नाही. तो इथेच पहिल्यांदा लिहिला. दाढी झाली, धोतर झालं, फेरी झाली. मतदानाच्या दिवशी काका साडेसहाला आले, दोघं माझी वाट न पाहता निघून गेले. मी मागून गेलो. रांगेत आमच्यात आठ माणसं होती.

बाबांचा नंबर आला. बोटावर शाई लागली, रजिस्टरवर त्यांनी आपली सही केली, पूर्ण, शेवटच्या वेलांटीसकट. मग टेबलावर वाकले. आजूबाजूला पाहून त्यांनी तोंडाला हात लावला, अधिकाऱ्याच्या कानाजवळ गेले आणि हळूच, फक्त त्यालाच ऐकू जावं म्हणून सांगितलं:

"मांगं माहा पोरगा उभा हाये, निळ्या शर्टातला. त्यानं दुसऱ्याची सही नाही केली पायजे, ध्यान ठेवजा. पन त्याले लोकाईत काही बोलू नका. बालबच्चेवाला मानूस हाये."

आपला आवाज केवढा आहे, हे बाबांना गेली दहा वर्षं ठाऊक नाही. खोली हसली, व्हरांडा हसला, फाटकावरचा शिपाई आत डोकावून गेला. काका तेवढे हसले नाहीत. बाबा समाधानानं यंत्राकडे निघाले. मुलाची अब्रू राखून काम झालं, असा चेहरा होता.

माझा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यानं पेन पुढे केलं आणि मी सही पूर्ण करेपर्यंत माझ्या हाताकडे पाहत राहिला.